उघाडी

भांडुपच्या मिठागरात बाबा उघाडीवर असायचे.
भरती चढली की फळी वर.
पाणी आपसूक आत यायचं,
त्याला कुणी ढकलावं लागत नसे.
म्हणायचे, "उघराची येल आन् लावाची येल,
यवरंच ठाव पायजे, पोरी."

मी मुलुंडला, पालिकेच्या इस्पितळात
ईसीजी काढते.
सहा वाट्या छातीवर, चार चिमटे हातापायांना,
"हलू नका, बोलू नका."
बोलणं काय ते पेशींचं.

बाहेर सोडियम, बांधापलीकडच्या खाडीसारखं.
आत पोटॅशियम.
दार क्षणभर उघडतं, सोडियम लोटतं आत,
कागदावर सुई उसळते.
मग कॅल्शियम, सावकाश,
तेच स्नायूला सांगतं, आवळ.
शेवटी पोटॅशियम बाहेर पडतं नि पेशी निवते.
पंप मात्र बसत नाही:
तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत,
रात्रपाळी, दिवसपाळी,
आणि ओव्हरटाइम कुणी विचारत नाही.

मंगळवारी अर्जावर लिहिलं:
हिराजी धर्मा भोईर, वय एकाहत्तर.
हात माझाच होता.
मूत्रपिंडं आधीच थकलेली,
त्यात अशक्तपणा म्हणून रोज एक शहाळं,
सोनापूर नाक्यावर, आम्हाला न सांगता.
शहाळ्यात पोटॅशियम असतं
हे मी हजार नातेवाइकांना सांगितलंय.
घरी राहिलं.

कागद सरकू लागला.
एकेक ठोक्यामागे टोकदार, उंच, अरुंद लाट,
ओळीनं उभ्या
मार्चातल्या मिठाच्या राशी.

मी "मॅडम" एवढंच ओरडले.
डॉक्टर मस्कारेन्हस धावत आल्या,
कॅल्शियमची सुई, दहा मिनिटं, थेंबाथेंबानं.
त्यानं रक्तातलं पोटॅशियम उतरत नाही,
नुसता दाराला टेकू मिळतो,
डायलिसिसचं मशीन मोकळं होईस्तोवर.

बाबांचे डोळे अर्धे मिटलेले.
"काय दिसतंय गो?"
"राशी," मी म्हटलं. दुसरं काही सुचेना.
ते बराच वेळ गप्प.
मग, मुकादमाच्या आवाजात,
"झाकल्याव का? पानी येल."

वाट्या निघाल्या होत्या, परत दाबून बसवल्या.
नवा कागद लावला.
पहिली रास जराशी बुटकी होती.
दुसरी मी मोजत होते.