मौजे सावंग्याचं घड्याळ

एकतीस वर्षं लोकांच्या भिंतींवरचे आकडे वाचले मी.
मूर्तिजापूर उपविभाग, खेड्यांची लाइन.
सायकल ओट्याला टेकवायची, टाचा उंच करून आकडा टिपायचा
आणि निघता निघता विचारायचं,
घरात जुनं घड्याळ आहे का हो, खिशातलं, साखळीचं?
लोकांना वाटे, बोर्डानं आता घड्याळांवरही बिल काढलं.

तरी बावीस जमली.
एक तुरीच्या कणगीत निघालं,
एकाच्या झाकणात म्हातारा चुना ठेवायचा,
एक पोरानं गोऱ्ह्याच्या गळ्यात बांधलेलं, पोळ्यापासून तसंच.
आतलं यंत्र सगळ्यांचं सातासमुद्रापलीकडचं.
पांढऱ्या तबकडीवर मात्र, बाराच्या आकड्याखाली,
आपली माणसं:
जेठमल पूनमचंद, कारंजा.
उकंडराव बिंझाडे आणि पुत्र, अकोट.
(पुत्र एकच, तोही नागपूरला पळाला, असं अकोटात ऐकलं.)

मला वेळेशी घेणं नव्हतं. बावीसपैकी चालतात तीन,
तीही आपापल्या मनानं.
सोनं आटतं, पाटी उतरते,
दुकानात रिचार्ज मिळायला लागतो.
नाव तेवढं काचेखाली कोरडं राहतं.

तेविसावं मिळालं स्टेशनामागच्या भंगारात, पितळेच्या भावात.
नथ्थू फागोजी करंडे, सराप.
मौजे सावंगा.

सराप.
फ-ची शेपटी तिकडच्या कारागिरानं खाल्लेली.
त्याला काय ठाऊक, एवढ्याशा शेपटीवाचून
इकडे सराफाचा शाप होतो.

सावंगा माझ्याच लाइनवरचं. साठ मीटर, दोन पिठाच्या चक्क्या.
सराफ कधी पाहिला नाही.
रिटायर झालो त्या महिन्यात गेलो,
पहिल्यांदाच रजिस्टर न घेता.
करंडेबाई ओट्यावर लाखोळीची डाळ निवडत होत्या.

"सहा आल्ते," त्या म्हणाल्या. "कलकत्त्याहून, खोक्यात, भुशात.
मामाजी बाजारात पोतं हाथरून जोडवी डागत.
त्याहीले वाटलं, नावाचं घड्याळ असलं का मानूस मोठा सराफ दिसते.
सासूची गोफ मोडली त्याच्यापायी.
एक बी खपलं नाही.
काहून नाही खपलं, ते काही त्याहीनं सांगतलं नाही.
तवापासून गाव आम्हाले सरापवाले म्हंते.
हे बी काहून म्हंते, कोन जाने बाप्पा."

मी खिशातून काढलं.
त्यांनी हात लुगड्याला पुसले, दोन्ही ओंजळीत घेतलं,
कानाला लावलं. बंद होतं. तरी बराच वेळ लावून ठेवलं.
मग माझ्यापुढे धरलं.
"वाचा बरं. मले नाही येत.
अन् आलं असतं तरी नाव कसं घेतलं असतं?"

"नथ्थू," मी वाचलं,
आणि त्यांनी पदर डोक्यावर ओढला,
जसं कुणी ओसरीतून खाकरत आत आलं.
"फागोजी. करंडे."
डाळीवर एक कोंबडी आली, त्यांनी हाकलली नाही.
"अन् पुढं?"

एकतीस वर्षांत माझा एक आकडा चुकला नाही.
साहेबानं शेरा मारला नाही, गिऱ्हाईकानं तक्रार केली नाही.
ऊन तबकडीवर सरळ पडलं होतं,
अक्षर स्वच्छ होतं.

"सराफ," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ.
मग घड्याळ परत दिलं, साखळी गुंडाळून,
आणि सूप पुढे ओढलं.

"मीटर पाहून जाजा," म्हणाल्या,
"गेल्या खेपी लय आलं बिल."
मी टाचा उंच केल्या आणि पाहिलं.