नऊ बाय अकरा

गोत्रीच्या पलीकडे घर घेतलं तेव्हा
पुढे नऊ बाय अकरा फूट माती उरली.
बिल्डर तिला गार्डन म्हणाला, आम्ही आवार.
हेमांगी म्हणाली, एकच झाड मावेल,
नीट ठरव.

एकतीस वर्षं मी महापालिकेत, ड्रेनेज खात्यात.
लोक झाडं ओळखतात पानांवरून,
मी खालून.
दांडिया बाजारात एकदा सात माणसांनी मिळून
पाइपातून उंबराचं मूळ ओढलं,
म्हशीच्या शेपटीसारखं, केसाळ, संपता संपेना.
बाहेर आल्यावर धोंडिबा भोईने
आधी त्याला हात जोडले,
मग कोयता मागितला.
तेव्हाच ठरवलं होतं,
ज्याला तोडताना क्षमा मागावी लागते
ते दारात नको.

चिंच नको, म्हणाले मेहुणे.
कारण सांगितलं नाही, दिवेलागण झाली होती.
बेल लावा, पण मग त्याचं सगळं पाळा.
दारात शेवगा म्हणजे घरात भांडण.
हेमांगी हसली,
त्याला शेवगा कशाला लागतो?
तिला स्वतःला हवी होती बकुळ,
आणि शेजारच्या जसुबेनला वाटे, बकुळ कशाला,
त्यापेक्षा बोरसल्ली लावा.
दोघी कुंपणाच्या दोन बाजूंनी
अर्धा तास एकाच झाडासाठी भांडल्या.

सेवासी रस्त्यावर मफतभाईंची रोपवाटिका.
हिरव्या जाळीखाली पिशव्यांतून उभे पाम,
पाहुण्यांसारखे, अंग चोरून.
मी विचारलं, आपटा आहे का?
विचारून मलाच नवल वाटलं.
ना सावली म्हणावी अशी, ना वास, ना फळ.
पण वडील आठवले.
रावपुऱ्यात त्यांचे एक चुलते होते,
वर्षभर अबोला.
दसऱ्याच्या संध्याकाळी मात्र वडील जात,
एक पान त्यांच्या हातावर ठेवत,
पाणीसुद्धा न घेता परत येत.
दुसऱ्या दिवसापासून पुन्हा अबोला.
त्या एका पानावर
बावीस वर्षं नातं तगलं.

आसुंद्रो? छे ने, म्हणाले मफतभाई,
आणि आतून एक रोप आणलं,
जोडपानाचं, गुडघ्याएवढं.

पहिल्या वर्षी मोजून नऊ पानं तोडली.
दुसऱ्या उत्तरायणात त्याच्यात पतंग अडकला,
हेमांगीने मांजा सोडवला,
बोट कापून घेतलं,
आणि त्या दिवसापासून त्याला 'आपला' म्हणू लागली.

तिसऱ्या दसऱ्याला
कारेलीबागेतून विश्वंभर आला. माझा थोरला.
जुन्या फ्लॅटचे कागद झाल्यापासून
चार वर्षं आम्ही फक्त
वकिलाच्या तोंडून बोलत होतो.
मी पान दिलं.
त्याने ते उलटलं, उन्हाकडे धरलं, चुरगाळलं,
आणि म्हणाला, हा आपटा नाही रे.
आपट्याचं पान कसं, जाड, वाळलं की वाजतं.
हा कांचन आहे.

मी म्हटलं, तुला काय कळतं.
तो म्हणाला, तुला गटारं कळतात.
हेमांगीने चहा ठेवला,
जसुबेन कुंपणावर आली,
आम्ही झाडापाशी अंधार पडेपर्यंत उभे,
पानांवर बॅटरी मारत,
लहानपणी भांडायचो तसे, एकेरीवर.

मफतभाईंना जाब विचारला तर म्हणाले,
पान तो एक ज छे ने, साहेब.
तीन वर्षं गावभर वाटलेलं सोनं
खोटं निघालं.
कुणी परत मात्र केलं नाही.

फाल्गुनात बहुतेक पानं गळली
आणि फांद्यांवर फुलं आली,
गुलाबी, मधली पाकळी जांभळ्या रेघांची.
मी सकाळी साडेसहाला फोन लावला.
म्हटलं, विश्वंभर, तुझं खरं.

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही.
मग त्याने विचारलं,
पाइपापासून किती लांब लावलंयस?

चार फूट, म्हणालो.
अजून तरी.