जुळत नाही

फुलवंताआत्या डोंगरावर गेली
त्याला आता तीन मोह झाले.
वर्षं असं ती म्हणत नाही.

बावीस वर्षं शाळेत खिचडी रांधली,
दोनशे ताटल्या, एक पातेलं, धुरानं लाल डोळे,
आणि एका शुक्रवारी हळदीचे हात पदराला पुसून
चालायला लागली तलावाच्या पाळीवरून.
पाळ संपते तिथंही थांबली नाही.

गाव म्हणालं, अंगात आलं.
गाव म्हणालं, सुनेनं हाकललं.
हरिरामकाका असेच गेले होते, त्यांच्यामागं
दोन वर्षांत मठ उभा राहिला, पत्र्याचा, वर भोंगा.
आत्यामागं नुसत्या वावड्या.

मी गेलो तो तिला परत आणायला नाही.
खरं सांगतो, अंगठ्यासाठी गेलो.
लंजेच्या दुकानातलं मशीन तिचा अंगठा मागत होतं,
नाहीतर कार्डावरून नाव कटणार,
महिन्याचे पाच किलो जाणार.
आई म्हणाली, जा, विचारून पाह्य, देते का.

नाकाडे गार्डानं वाट दाखवली ऐनाच्या झाडापर्यंत.
खोडावर अस्वलाच्या नखांच्या रेघा.
मोबाईलला एक दांडी होती, तीही गेली.
पुढं उतार, सागाची वाळली पानं,
आपलाच पाय आपल्यामागं येतोय
असं वाटत राहिलं नाल्यापर्यंत.

फॉरेस्टची जुनी चौकी. चौकट आहे, दार नाही.
आत्या मोह वेचत होती,
झाडाखालचा अर्धा टोपलीत, अर्धा तसाच पडलेला.
"तो तिचा वाटा," म्हणाली,
"पहाटे अस्वल येते, पिल्लू घेऊन."

मोठं काहीतरी विचारायचं ठरवून गेलो होतो.
काय शोधतेस, काय सापडलं, देव भेटला का.
तोंडातून निघालं, "मीठ आहे का तुझ्याकडं?"
हसली.
"मीठ सोडाले मी का साधू आहो?"

मग अंधार पडला.
ती दगडावर उकिडवी बसली आणि ऐकत राहिली.
मीही ऐकलं.
रातव्याची टकटक. लांब कुठं सांबर.
त्याच्याही मागं काहीतरी होतं,
त्याला नाव देता येईना,
म्हणून मी खिसा चाचपला, दोनदा.

"आत्या, काहून आलीस?"

एवढा वेळ गेला की वाटलं ऐकलंच नाही.
"पातेलं घासता घासता एक दिवस मले वाटलं,
मी बी ह्याच्यातच करपलो का काय,
तळाले चिकटून.
म्हटलं खरडून पाहावं, काही निघते का."
"निघालं?"
"खरडून राहिलो ना अजून."

सकाळी आली ती, कुरकुर न करता,
मोटारसायकलवर एका अंगावर बसून,
माझा शर्ट मुठीत धरून.
दुकानासमोरची रांग बाजूला झाली,
भुताला व्हावी तशी.
अंगठा ठेवला. लाल दिवा.
लंजेनं फडकं दिलं. पुसून ठेवला. लाल.
डावा ठेवला.
"रेघाच नाही राहिल्या, बाई," लंजे म्हणाला,
"मशीन तुले ओळखून नाही राहिलं."

आत्यानं अंगठा उजेडाकडं धरला.
मोहाचा चीक, तेंदूचा काळा डाग,
आणि त्याखाली नाल्यातल्या गोट्यासारखं
गुळगुळीत काहीतरी.
बराच वेळ पाहिलं तिनं.
मग पदराची गाठ सोडली,
मिठाचा एक पुडा घेतला, एक आगपेटी,
सुटे पैसे मोजून ठेवले,
आणि पाळीवरून निघाली.
मी गाडी काढेपर्यंत दिसेनाशी झाली होती.

पुढच्या महिन्यात नाव कटलं.

माझा अंगठा मशीन पहिल्या झटक्यात ओळखते.
हिरवा दिवा, पावती.
मी तरी तो उचलत नाही लगेच.
मागचे ओरडतात, सरक ना बाप्पा.