अक्रोड

वेंगुर्ल्याच्या बंदरावर सगळ्यांचा एकच प्रश्न:
'थंय समुद्र आसा काय?'
नाय, म्हटलं. आख्ख्या देशालाच नाय.
बाबल कुबलाने जाळ्याची गाठ दातांनी ओढली,
'मगे काय बघलंस?'

काय सांगणार.
दीपश्री येरेव्हानला डॉक्टरकी शिकते,
एकदा तरी या म्हणाली, गेलो.
रविवारी बसने दिलिजानला.
बोगद्याच्या अलीकडे बोडके डोंगर,
पलीकडे एकदम झाडी, ओल, धुकं.
ती म्हणाली, बाबा, आंबोली आली.
मी म्हटलं, माकडं कुठायत?

जुन्या गल्लीत लाकडी सज्जे.
कठड्याचा एकेक खांब कातलेला.
माणसं फोटो काढत होती.
मी खालच्या बाजूने बोट फिरवलं:
पटाशी कुठे थांबली ते कळलं,
कुठे कातार्‍याला शिंक आली असेल, तेही.

आत म्हातारा ह्राचिक.
भाषा नाही.
त्याने माझा अंगठा पाहिला, नखाखालची लाख,
आणि स्टूल पुढे सरकवलं.
तासभर बोललो.
त्याचा अक्रोड, माझा पांगारा,
त्याच्या चरकाला मोटर, माझ्याही,
दोघांच्या वडिलांच्या चरकाला दोरी.
हे सगळं हातांनी.
मग त्याने तळवा हलवून लाटा काढल्या,
माझ्याकडे बोट केलं: पाहिलास?
रोज, म्हटलं. मानेनेच.
तो बघतच राहिला मला,
लहानपणी आम्ही विमान बघायचो तसा.
निघताना वीतभर अक्रोड दिला,
वर्तमानपत्रात गुंडाळून.

चार महिने झाले.
लाखेची केळी झाली, आंबे झाले,
कुडाळच्या लग्नाचे पाट झाले.
हा तसाच, खिडकीत.
आमची खारी हवा प्याला, फुगला,
मग एका रात्री आवाज केला.
सकाळी कडेपासून आत चीर.

बाबल म्हणतो, फुकट गेलो.
मी वाद घालत नाही.
नव्या गावचं लाकूड आधी तोंड उघडतं.
तोवर त्याला पटाशी लावायची नसते.

काल दीपश्रीने फोनवर विचारलं,
त्याचं केलंत काय?
बसतोय अजून, म्हटलं.
ती हसली. मग गप्प झाली.
पहिल्या हिवाळ्यात
रात्री दोन-दोनला फोन करायची,
काही न बोलता नुसता चालू ठेवायची,
आणि मी इकडे चरक फिरवत बसायचो
तिला ऐकू जावा म्हणून.

चिरेत नख घालून बघतो रोज.
आज गेलं नाही.