बिनपाण्याचं बंदर

बोरखेडी फाट्यावर 'कोरडे बंदर' असा बोर्ड लागला
तेव्हा शाळेची पोरं केळी घेऊन आली.
कुंपणाला लोंबकळून विचारत होती, "कुठी हाय बंदर?"
डोमाजी हमाल म्हणाला, "थे काय, मीच."
आणि एक केळ खाल्लं.

समुद्र इथून आठशे किलोमीटर.
मी तो पाहिलेला नाही.
रिकामे डबे परत येतात तेव्हा कोपऱ्यांतून गंज झडतो,
नखावर घेऊन एकदा चाखला.
खारट होता,
किंवा मला तसा हवा होता.

मी गेटवर बसते. गाडी नंबर, वेळ, गाठी किती,
सील शाबूत का, सही, शेरा.
चार वर्षांत शेऱ्याचा रकाना मी कोरा सोडला नाही.
काही नसलं तर 'काही नाही' लिहिते.

त्या मार्चात एकदा सोडला.

चांडक शेठच्या जिनिंगची गाडी. इरफान उतरला,
पाणी पिताना म्हणाला, "बाई, मागून जळकट येतंय,
टायर असंल."
मलाही आला वास.
पण शेरा लिहिला की गाडी थांबते,
गाडी थांबली की भाडं चढतं,
भाडं चढलं की शेठचा फोन
आणि फोन पहिला माझ्याच टेबलावर वाजतो.
मी सही घेतली, पान उलटलं.

आकडा घालून गाठ ओढताना डोमाजीचा तळवा शेकला.
त्याला वाटलं, ऊन.
मालधक्क्यावरच्या पिल्ले बाबूंना धुराची एक रेघ दिसली,
त्यांची ड्युटी सुटायला दहा मिनिटं होती.

कापूस लाकडासारखा पेटत नाही.
जिनातली ठिणगी गाठीच्या पोटात बसते,
दोन दिवस, तीन दिवस,
वरून गाठ पांढरीच.

तिसऱ्या रात्री सहा डबे गेले.
वारा गावाकडे होता.
शालूबाई उईकेंच्या गोठ्यातला गोऱ्हा गेला,
गावची विहीर उजाडेपर्यंत गाळावर आली.

मग बैठक. कडुनिंबाखाली, ग्रामपंचायतीच्या खुर्च्या.
जो तो आपापले कागद घेऊन आलेला.
शेठ म्हणे गाडीत झालं, इरफान म्हणे यार्डात,
यार्डवाले म्हणे रेल्वेच्या हद्दीत,
विम्याचा देशकर नुसता लिहीत होता,
त्याला भांडण जितकं लांबेल तितकं बरं.
शालूबाई बऱ्याच वेळानं बोलल्या,
"इहिरीचं पानी उपसलं तवा
हद्द कोनाची हाय, थे नाही पुसलं मले कोनी."

कडुनिंबाची पिवळी पानं कागदांवर पडत होती.
माझा घसा सुकला होता.
मी म्हणाले, "वास मला आला होता."

इरफाननं मान वर केली. "मलाबी."
डोमाजीनं तळवा उघडून दाखवला, जणू डाग अजून असावा.
पिल्ले बाबूंनी चष्मा पुसला, खूप वेळ पुसला,
मग म्हणाले, "रेघ होती."

तेव्हा ठरलं ते माझ्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर आहे:
जो आधी सांगेल त्याच्या माथी काही नाही.
थांबलेल्या तासाचं भाडं सगळ्यांनी वाटून.
गावाजवळ टाकं, भरायचं यार्डानं,
किल्ली शालूबाईंकडे.
शेठ म्हणाले, "अन् उगाचच थांबवली तर?"
डोमाजी म्हणाला, "तर उगाचचं भाडं वाटून भरू."
शेठनी सही केली, तारीख घातली नाही.
तारीख मी घातली.

परवा रात्री डोमाजीनं एका गाठीवर हात ठेवला
आणि ओरडला, "गरम हाय!"
गाडी थांबली. पट्ट्या कापल्या, गाठ उकलली,
टाक्यापाशी शालूबाईंचा पोरगा पाईप धरून उभा.
आत कापूस. नुसता कापूस, थंड.
गाठ दिवसभर पत्र्याला टेकून होती.

माणशी दोनशे बारा रुपये.
कुरकुरत सगळ्यांनी भरले, शेठनी शेवटी.

मी शेरा लिहिला:
हात गरम लागला. थांबवली. काही निघालं नाही.
आणि वही मिटण्याआधी
पुन्हा एकदा वाचला.