मानशीवर

पहाटे तीनला सर्व्हर गप्प.
कोसळला नाही, कुरकुरला नाही.
आत दोन थ्रेड समोरासमोर,
याच्या मुठीत त्याची किल्ली, त्याच्या मुठीत याची,
आणि दोघेही भारी सभ्य:
आधी तू सोड.

मी चोडणला, पडवीत, मांडीवर लॅपटॉप.
लॉगची शेवटची ओळ इतक्यांदा वाचली
की तिचा अर्थच गळून पडला.
मग चपला घातल्या, बांधावर गेले.

रुझार मानशीवर बसला होता.
यंदाची पावणी त्याची, लिलावात जरा महागातच घेतलेली.
म्हटलं, रात्रभर पाण्यावर डोळा ठेवून?
"डोळो कित्याक गो?"
त्याने बॅटरी फळ्यांवर मारली.
भरती चढते, तीच दार लावते.
ओहोटी लागते, तीच ढकलून उघडते.
त्याने फक्त जाळं बांधायचं
आणि जाळ्याच्या दोरीला घंटी, बैलाच्या गळ्यातली.

मी चाळीस थ्रेड उभे केले होते दारात,
आलं का, आलं का, विचारत राहणारे.
उभं राहण्याचंही भाडं पडतं,
हे मला बिल आल्यावर कळलं होतं.

घंटी वाजली.
रुझार जाळ्यातून एक खेकडा सोडवत होता, त्याने मान वर केली नाही.
पुन्हा वाजली.
नांगीतून शेवटचा धागा काढला, खेकडा टोपलीत टाकला,
मग उठला.
"आणि त्याने बोटच धरून ठेवलं तर?"
"मग मासे थांबतात," रुझार म्हणाला,
"आणि मी शिव्या देतो."

परतताना बांधावर पोदेर भेटला, सायकलला भरलेली टोपली.
बांध एका माणसाच्या रुंदीचा.
मी न बोलता उतरले, घोट्यापर्यंत चिखलात:
भरल्याला वाट द्यायची, रिकाम्याने उतरायचं.
कुणी लिहून ठेवलेलं नाही,
पण या बांधावर आजवर कुणी
समोरासमोर अडकून म्हातारं झालेलं नाही.

चिखलाच्या पायांनीच पडवीत बसले.
किल्ल्या कुठल्या क्रमाने उचलायच्या ते ठरवलं,
दोघांनाही तोच क्रम.
आजच का अडकले, एवढे महिने का नाही,
ते अजून मला सांगता येत नाही.

खाजनापलीकडे घंटी वाजली.
मी मान वर केली नाही.
ओळ अर्धी होती.