तीन मिलिमीटर

वेळूही पोकळ असतो, पण त्याला पेरं असतात.
ही पांढरी पट्टी सहा मीटर आरपार मोकळी.
एका टोकाला डोळा लावला
की दुसऱ्या टोकाला शेडबाहेरचा पळस दिसतो,
कधी आत्रामांच्या शेळीचं चघळणारं तोंड.
म्हणून हिच्या पोटात लोखंड सरकवायचं,
दीड वितीवर एकेक स्क्रू.

रूपचंद कुमरेनं शिकवलं मला हे.
बुटीबोरीत सात वर्षं काढून तो गावी परतला
जुनी, एकाच तोंडाची मशीन घेऊन:
एका वेळी एक कोपरा,
चार कोपऱ्यांना चार खेपा.

“माप घेतलं का लगेच कापाचं नाई.
दोन्ही टोकाले तीन-तीन मिलिमीटर ज्यादा धर.”
“काहून?”
“थे सांधा खाते.”

खातोच.
पंचेचाळीस अंशात कापलेली दोन तोंडं
अडीचशे अंश तापलेल्या पाटीला टेकवायची,
मधे टेफ्लॉनचं कापड, नाहीतर चिकटलंच समजा.
बावीसपर्यंत मोजायचं.
पाटी बाजूला होते, तोंडावर तोंड येतं,
आणि जे वितळलं ते कडेनं फुगून बाहेर,
आटवलेल्या दुधाच्या खरवडीसारखं.
थंड झालं की छिन्नीनं ते काढायचं.
ते काम माझं.

शेजारचा मोबाइलवाला नितेश म्हणतो,
“लग्नाचंबी असंच असते, दोघायलेबी तीन-तीन मिलिमीटर.”
त्याचं लग्न व्हायचंय अजून.

मे महिना. शेडवर टिन.
बाहेर सेहेचाळीस, पाटीवर अडीचशे,
आणि मधल्या कुठल्यातरी आकड्यावर आम्ही दोघं.
मी बावीसपैकी तेरावर होते, तेव्हा लाइन गेली.
पाटी मधेच अडकली. पंखा फिरत फिरत थांबला.
पाऊण तासानं लाइन आली.
रूपचंदनं पाटी पुन्हा थोडी तापू दिली,
तीच तोंडं दाबली, सांधा जुळवला.
मी छिन्नी फिरवली.
पाहायला झकास.
पिवळट कड सोडली तर कोणी बोट ठेवलं नसतं.

त्यानं कोपरा उचलला, गुडघ्यावर धरला
आणि मोडला.
कट् करून, सांध्यातच, बिस्किटासारखा.
“पक्का सांधा असता,” तो म्हणाला,
“तर बाजूनं फाटला असता, इथं नाई.”
दोन्ही तुकडे त्यानं मशीनच्या डोक्यावर ठेवले.
अजून तिथंच आहेत, धूळ खात.

ती चौकट पुन्हा केली. पारूबाईच्या घरकुलाची.
बसवायला गेलो तर भिंतीचे दोन कर्ण
दोन सेंटीमीटरनं वेगळे.
“माह्या भासऱ्यानं बांधली,” पारूबाई म्हणाली,
“डोयानं मापून.”
भिंत तिरकी, खिडकी काटकोनात.
मधल्या फटीत फोम सोडला, तो फुगला,
आणि दोघींचं भांडण झाकलं गेलं.

मग ती पुढं आली. काचेला हात लावला नाही,
सरकवून पाहिली नाही, मच्छरांच्या जाळीचं विचारलं नाही.
अंगठ्याचं नख कोपऱ्यावरून फिरवत नेलं
आणि एका जागी थांबवलं.
“इथं जोडलं ना, पोरी?”

मी पकडल्यासारखी झाले.
मला वाटत होतं, माझ्या छिन्नीमागे काही उरत नाही.
“हाव,” मी म्हटलं.
“मंग ठीक हाय,” म्हणाली. “मले वाटलं, कागद चिकटवला.”
आणि खालच्या भोकांत बोट घालून विचारलं,
पाणी इथूनच जाईल ना.

परत येताना टेम्पोत मी हिशोब करत बसले.
एका चौकटीची आठ टोकं, आठ त्रिक चोवीस.
अशा अडीचशे चौकटी झाल्या
की बरोबर सहा मीटर.
एक अख्खी पट्टी.
कोणत्याच भिंतीत न दिसणारी,
जिच्या टोकाला डोळा लावता येत नाही.

“हे बिलात कुठं धरतेस तू?” मी रूपचंदला विचारलं.
तो गिअर बदलत होता, करंजीचा चढ होता.
“धरत नाई,” म्हणाला.
चढ संपल्यावर म्हणाला,
“उद्या लाइन गेली तं आधी मोडजो. मंग मले सांगजो.”